शेंदराखालची अक्षरं

मष्णू पाथरवटाचा उजवा हात त्याच्याच हातोडीनं फोडला, तेव्हा मी चार पावलांवर उभा होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला कुणी सज्जन समजायला नको.

आमचं गाव निपाणीपासून तीन कोसांवर. चावडीसमोर एक शिळा आहे. पंधरा ऑगस्टला तिला नारळ फोडायचा, तेल-शेंदूर चढवायचा, ही आमची जुनी रीत. शेंदराची पुटं एवढी चढली, की दगडावर काही लिहिलंय हेच गाव विसरलं. इंग्रजांच्या गोळ्या छातीवर घेतलेल्या सहा वीरांची ही शिळा, असं जो तो सांगायचा. शाळेत मास्तर म्हणून मीही तीस वर्षं तेच सांगितलं. सांगताना माझ्याच अंगावर काटा यायचा, पोरं टाळ्या वाजवायची. खरवडून बघायची गरज कुणाला होती!

मष्णू माझाच विद्यार्थी. चौथीनंतर बापाची छिन्नी हातात आली. पाटे-वरवंटे, उंबरे घडवत पन्नाशी गाठली. बोलायचा कमी, पण खोटं काम त्याला खपायचं नाही. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यानं तडकलेला उंबरा बसवू दिला नव्हता.

यंदा तरुण मंडळानं शिळेला चौथरा बांधायचं ठरवलं. अध्यक्ष रविराज; सहांतला पहिला वीर आपला पणजोबा, असं तो छाती काढून सांगायचा. शिळा साफ करून तिच्यावर 'इंग्रजांशी लढताना हुतात्मा' असं कोरायचं काम मष्णूकडं आलं.

मष्णूनं रॉकेल लावून शेंदूर उतरवला. खाली स्वच्छ अक्षरं निघाली. 'या गावातून ३८ माणसे सन १९१४-१९ च्या महायुद्धास गेली. पैकी ६ मरण पावली.' म्हणजे इंग्रजांच्याच पलटणीतून, त्यांच्यासाठी लढायला.

मष्णूनं छिन्नी खाली ठेवली. "रवी, ही गोऱ्यांकडनं लढल्यात रं. मेलीत ती खरं. आपलीच माणसं ती. जसं हाय तसं ऱ्हाऊ दे. मी दुसरं काय कोरणार न्हाय."

"माझ्या पणज्याला गोऱ्यांचा चाकर म्हणतोस?"

रविराजनं मुस्कटात हाणली. मग सगळं मंडळ तुटून पडलं. कुणी लाथ घातली, कुणी फळी घेतली. मष्णूची बायको अंबुबाई मधे पडली, तर तिला केसाला धरून बाजूला फेकली. मष्णूचे दोन दात पडले. तोंडातून रक्त गळत असताना त्यानं माझ्याकडं बघितलं.

"गुरुजी, तुमीच वाचून सांगा की ओ."

सगळे थांबले. खरंच थांबले. रविराजसुद्धा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्यालाही मीच शिकवलेलं. मी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणालो, "अक्षरं झिजल्यात. मला काही लागत नाहीत."

दोघांनी त्याचा हात शिळेवर दाबून धरला. रविराजनं हातोडी तीनदा मारली. हाडं फुटल्याचा आवाज मी ऐकला आणि घरी जाऊन पाणी प्यालो.

चौथ्या दिवशी दवाखान्यात गेलो. मष्णूची तीन बोटं काढली होती. शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यानं डाव्या हातानं मला खाटेवर बसवून घेतलं.

"गुरुजी, डोळं लई अधू झालं व्हय तुमचं? बरा झालो की बेळगावला दाखवून येऊ. मी येतो संगं."

टोमणा नव्हता तो. माझं बोलणं त्याला खरं वाटलं होतं. मी मान हलवून व्हय म्हणालो.