बेटी टीचरच्या नावाची चिठ्ठी

बेटी तुस्कानोला नाही म्हणता येत नाही, हे आचोळ्यात टँकरवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. गल्लीत टँकर लागला की तो हॉर्न द्यायचा नाही, थेट तिच्या दाराची कडी वाजवायचा. कुणाच्या घरात म्हातारी एकटी आहे, कुणाला दोन हंडे जास्त द्यायचे, ते तीच बघणार. बरं, ही काही नगरसेविका नव्हे. गोखिवऱ्याच्या शाळेत तिसरीला शिकवणारी बाई. पण आचोळ्यातल्या बावीस ख्रिस्ती घरांच्या समूहाची ती प्रमुख होती, आणि एकदा प्रमुखपण आलं की बावीस घरं कुठली, अख्खी गल्ली गळ्यात पडते.

चर्च लांब पडायचं. म्हणून फादरांनी वस्तीवस्तीत असे छोटे समूह करून दिले होते. दर शुक्रवारी एकेकाच्या घरी प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेनंतर कोण आजारी, कुणाची नोकरी गेली, कुणाचं पोर शाळेत जात नाही, हे बोलायचं. तो माणूस ख्रिस्ती आहे की नाही, हे कुणी विचारायचं नाही. शेजारच्या चाळीतल्या भागूबाईंचा पाय मोडला तेव्हा दीड महिना त्यांना याच घरांतून डबा गेला. तेव्हापासून भागूबाई शुक्रवारी मागं येऊन बसायच्या आणि गाण्याच्या वेळी सगळ्यांपेक्षा वरचा सूर लावायच्या. कुणाची बिशाद होती त्यांना हळू गा म्हणायची!

प्रमुख दर तीन वर्षांनी चिठ्ठी टाकून निवडायचा, अशी इथली रीत. येशूच्या प्रेषितांनीही दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी माणूस निवडताना चिठ्ठ्याच टाकल्या होत्या, त्यामुळं त्यावर बोलायची सोय नव्हती. रिटायर झालेले सेबॅस्टियन अंकल बावीस घरांतल्या बावीस नावांच्या चिठ्ठ्या लिहून बिस्किटांच्या डब्यात घालायचे आणि फादर त्यातली एक काढायचे. ब्याण्णव साली बेटीचं नाव निघालं. ती हरखली. पंच्याण्णवला पुन्हा निघालं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. अठ्ठ्याण्णवला तिसऱ्यांदा निघालं तेव्हा फादर म्हणाले, देवाचं बोट इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं. बेटी हसली आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडली. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळं ते रडणं रॉबर्टला, तिच्या नवऱ्याला, ऐकू गेलंच.

त्यात नव्याण्णव साली तिच्या आईची एक बाजू लुळी पडली. आई रेल्वेच्या पश्चिमेला, निर्मळच्या पुढच्या वाडीत, भाऊ व्हॅलेरियनकडे. रिक्षा, पूल, मग एसटी, असं तासाभराचं अंतर. पण शाळा संपते न संपते तोच कुणाचं तरी पोर तापानं फणफणलेलं असायचं, शनिवारी कुणाच्या रेशनकार्डाची रांग, रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर कुणाच्या घरचं भांडण. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! महिना महिना आईकडे जाणं व्हायचं नाही. सुरुवातीला आई व्हॅलेरियनकरवी फोन करून विचारायची, या रविवारी येतेस का. मग बेटीनं एकदा तिला समजावलं, की हे काम देवानं माझ्या नावावर लिहिलंय, मी काय करू. आई साधी बाई. देवाला नाही कसं म्हणायचं, असं म्हणाली आणि तिनं विचारणंच सोडलं. व्हॅलेरियन मात्र खवचट. आचोळ्यातले आजारी संपले की आयला बघायला ये, असं तो म्हणाला. त्याचं खरंच होतं.

दोन हजार एकचा जानेवारी आला. चिठ्ठ्यांचा दिवस जवळ आला आणि सेबॅस्टियन अंकलचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला पट्टी. त्यांनी चिठ्ठ्या लिहायचं काम कुणाला सांगावं? अर्थात बेटीला. ती दुपारी जेवणाच्या टेबलाशी कागदाचे तुकडे करून बसली. एकवीस नावं लिहिली. स्वतःच्या नावासाठी उरलेला बाविसावा तुकडा हातात धरून बराच वेळ बसली. मग तो तिनं केराच्या टोपलीत टाकला. मनात पहिल्यांदाच मोकळं वाटत होतं, आणि त्या मोकळेपणाची तिला भीतीही वाटत होती.

फादरांनी चिठ्ठी काढली. एलिसाची.

एलिसा चाळीत राहणारी, प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंग करणारी. प्रार्थनेला कायम दाराशी, चपलांच्या शेजारी बसायची. तिला काय जमणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ती उभी राहिली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू. भागूबाईंनी मागून तिची पाठ थोपटली तेव्हा बाकीच्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

बेटी सुटली. पुढचे दोन रविवार ती आईकडे राहिली, तिचे केस विंचरले, तिला पेज भरवली. देवानं सोडलं का तुला, असं आईनं अडखळत विचारलं. बेटी हो म्हणाली. आईशी खोटं बोलल्याचं तिला आतून टोचत राहिलं. ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आलेला. फादरांकडे पापनिवेदनाला जायच्या आधी ज्यांचा विश्वास मोडला त्यांना सांगावं, असं ठरवून ती सेबॅस्टियन अंकलकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

अंकल रागावले नाहीत. त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली मान घालून म्हणाले, “बेटी बाय, पंच्याण्णवला आणि अठ्ठ्याण्णवला, दोन्ही खेपेला डब्यात सगळ्या चिठ्ठ्या तुझ्याच नावाच्या होत्या.”

पहिली खरी होती, ते सांगू लागले. पण तिचं काम पाहिल्यावर दुसऱ्या कुणाच्या हाती समूह द्यायला माणसं धजेनात. समूहातले चार जण टीचरच हवी म्हणत त्यांच्याकडे आले. टीचरला विचारावं तर ती बिचारी नाही म्हणणार नाही, आणि तसं विचारायची लाज वाटत होती. म्हणून देवावर टाकलं.

बेटी उठून उभी राहिली. “सहा वर्षं,” ती म्हणाली. “आय त्यातली दोन वर्षं माझी वाट बघत पडून होती, अंकल.” आणखी खूप म्हणायचं होतं. कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण मला राग धरायला तरी कुणी माणूस मिळाला असता, देवावर कुठं रागवायचं, हे सगळं ओठांवर आलं होतं. पण समोर डोळे गळणारा म्हातारा बसलेला. ती चप्पल घालून निघाली.

घरी आली तर दारात एलिसा. आजाऱ्यांची यादी समजून घ्यायला आली होती. आत येऊन बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “टीचर, एक विचारू? चौऱ्याण्णवपासून मी हितं हाय. दोनदा चिठ्ठ्या झाल्या. मला वाटायचं, आपल्यासारखीचं नाव डब्यात घालीतच नसतील. घालत होते ना?”

बेटीनं तिच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर ही पोर उद्या परत चपलांशेजारी जाऊन बसणार, किंवा तिथंही येणार नाही. शिवाय आताची चिठ्ठी तरी कुठं धड होती? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“घालत होते,” बेटी म्हणाली. “दरवेळी घालत होते.”

त्यानंतर ती पापनिवेदनाला गेली नाही. फादर काय सांगणार हे तिला माहीत होतं: जिच्याशी खोटं बोललीस त्या एलिसाला जाऊन खरं सांग. आणि तेवढंच तिला जमणार नव्हतं. पाप सांगितल्याशिवाय कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा नसतो, त्यामुळं मिस्सेत सगळे कम्युनियनला उठले की ती एकटीच बाकावर गुडघे टेकून राहायची. लोकांना वाटलं, आईच्या दुखण्यानं खचली. एलिसा चांगलं काम करत होती, खरंच चांगलं. कामणच्या गोदामात हात चिरडलेल्या एका हमालाला तिनं मालकाकडून औषधपाण्याचा खर्च मिळवून दिला. बेटीला ते ऐकून आनंद झाला, आणि तो आनंदही तिला चोरीचा वाटला.

ईस्टर झाल्यावर एका दुपारी ती आईकडे जायला निघाली होती, तोच कडी वाजली. दारात एलिसा, फॅक्टरीतून अर्धी सुट्टी टाकून आलेली.

“टीचर, दोन महिने झाले, तुम्ही कम्युनियन घेत नाही. बाकी कुणी विचारणार नाही, पण मला विचारायला पाहिजे. देवानं मला त्याच्यासाठीच निवडलंय. काय असेल ते मला सांगा.”

बेटीनं तिला आत घेतलं, खुर्ची पुढं केली आणि चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेली. एलिसाचं ‘देवानं निवडलंय’ मोडायचं की पुन्हा खोटं बोलायचं, हे ठरेना; पाणी उकळून आटलं तरी ती बाहेर आली नाही.