चाळीस टक्के, पण कशाचे?

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, हे नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्तीनंतर मी ऑनलाइन गेम खेळते, हे मात्र मोजक्यांनाच. या नादाला मला लावलं थोरल्या भावानं, बँकेतून निवृत्त झालेल्या दादानं. आमची बारा जणांची टोळी आहे आणि खजिनदार अर्थातच दादा. लहानपणीही गणितात मार्क माझे जास्त आणि घरखर्चाची पेटी त्याच्याकडे. ते मला तेव्हाही झोंबायचं, अजूनही झोंबतं.

तीन महिने सगळ्यांनी लढून-मरून नाणी जमवली होती, एका जहाजासाठी. लाकूड झालं, दोर झाले, फक्त दहा शिडं राहिली. ती गेममधल्या लिलावात मिळतात. एका दुपारी दादाचा फोन आला.

"अगं, शिडं चाळीस परसेंटवर आली न! हिरवा आकडा आहे. सगळा खजिना लावून टाकतो."

"थांब. चाळीस टक्के कशाचे?"

"बाजारभावाचे! टूल दाखवतंय न. फालतूची बहस नको करू."

टूलमध्ये हिरवा म्हणजे स्वस्त, आणि हिरवा आकडा दिसला की दादा विरघळतो. मी त्याला संध्याकाळपर्यंत थांबायची शपथ घातली आणि ते टूल उघडून बसले. ते लिलावात मांडलेल्या किमतींची सरासरी काढतं आणि आजची किंमत तिच्या किती टक्के आहे ते सांगतं. आधीची नोंद दहा शिडांची होती. आठ शिडं शंभर-शंभर नाण्यांना, दोन सोळाशेंना. सरासरी चारशे. आजची शिडं एकशे साठला, म्हणजे बरोबर चाळीस टक्के. आकडेमोड चोख होती, पण सोळाशेंची ती शिडं कुणी घेतलीच नव्हती. टूल मांडलेलं मोजत होतं, विकलेलं नाही.

टावर चौकातल्या एका दुकानात काचेमागे एक भरजरी साडी दोन वर्षं टांगलेली मी पाहिली आहे. किंमत बघून डोळे पांढरे होतात. ती विकायची नसतेच. ती बघून आत गेलं की आतली महाग साडीही स्वस्त वाटते. इथेही सोळाशेंची शिडं टांगणारा आणि एकशे साठला विकणारा खेळाडू एकच निघाला. लबाड मेला! माझा पारा असा चढला की चहा निवून गेला.

मी टूलला फक्त विकल्या गेलेल्या शिडांच्या किमती धरायला लावल्या. आकडा लाल झाला: एकशे साठ टक्के. पडद्याचा फोटो टोळीला पाठवला आणि म्हटलं, थांबू या. सगळ्यांनी माझं ऐकलं. दादा रुसला. दोन दिवस मी तासातासाला लिलाव उघडून बघत होते, कारण भाव वाढला असता तर तीन महिन्यांच्या मेहनतीचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्याच लबाडानं तीच शिडं पंचाण्णवला काढली. आम्ही दहाच्या दहा उचलली. जहाज पाण्यात उतरलं तेव्हा हेडफोनमध्ये नुसता कल्ला चालला होता आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा.  मग दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मानलं तुला. आजपासून पेटी तुझ्याकडे."

पडद्यावर माझ्या नावापुढे 'खजिनदार' उमटलं. मी चष्मा काढून पुसला आणि ते पुन्हा एकदा वाचलं.