एकेचाळीस दगड

आमच्या मागच्या भिंतीपासून बोडीची, म्हणजे गावच्या लहान तळ्याची, पाळ चारशे दहा पावलांवर आहे. मी मोजली आहे. मला मोजायची सवयच आहे. जिना चढताना पायऱ्या मोजतो, ताटातल्या पोळ्या मोजतो आणि त्यावरून घरच्यांची बोलणीही खातो. म्हणूनच मुर्री गावाच्या अंगाला मोठी वसाहत होणार असे ठरले आणि लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या, तेव्हा मोजणीचे काम माझ्या वाट्याला आले.

बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. फळ्यावर नकाशा टांगला होता. आठशे चाळीस घरे, दोन पाण्याच्या टाक्या, एक बाग. मोठा रस्ता बोडीच्या पाळीवरून, मोहाच्या झाडांखालून सरळ जात होता. त्या झाडांखाली उभे दगड आहेत. बोडीपलीकडच्या वस्तीतली कुटुंबे जुनी, जंगलपट्ट्यातून आलेली. त्यांच्या घरातले माणूस गेले की त्याच्या नावाचा एक दगड तिथे उभा करतात. नकाशावर बोडी होती, झाडे होती, दगड नव्हते.

त्या वस्तीतली एक म्हातारी उठली. रस्ता करा, घरे बांधा, पण दगड हलवू नका, एवढेच तिचे म्हणणे होते. बैठक घेणाऱ्या अधिकाऱ्याने सौम्यपणे विचारले, दगड किती आहेत?

"मोजले नाई साहेब. आमी मोजत नसतो, ओळखतो."

माझ्यामागे एक किराणा दुकानदार बसला होता. त्याचा प्लॉट त्या रस्त्याला लागणार होता. तो म्हणाला, "अम्मा, पत्थर का भी आधार कार्ड बनवा लो." लोक हसले. थोडा मीही हसलो.

अधिकाऱ्याने मार्ग काढला. दगडांचा नेमका आकडा लेखी द्यायचा. चौथ्या दिवशी तो स्वतः जागेवर येऊन मोजून घेईल. आकडा जुळला तर दगड नकाशावर चढतील आणि रस्ता वळवता येईल. जुळला नाही तर हरकत बाद. मोजणार कोण, असे त्याने विचारले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही आणि खडू घेऊन गेलो. मोह टपकायला लागला होता. म्हातारी टोपली घेऊन फुले वेचत होती. मी प्रत्येक दगडावर खडूने रेघ मारली, वहीत रांगा काढल्या आणि पुन्हा उलट्या बाजूने मोजले. दोन्ही वेळा एकेचाळीस.

निघताना तिने विचारले, "भाऊ, तुमचं घर कोनतं?"

मी आमच्या गच्चीवरची निळी टाकी दाखवली. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"तिथं बी होते," ती म्हणाली. "तुमचा लेआऊट पडला तवा गेले."

मी वही मिटली. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या घराचा पाया खणताना एक लांब, सपाट दगड निघाला होता. एका कोपऱ्याचा टवका गेलेला. मिस्त्रीने चार माणसे लावून तो नळाजवळ आडवा टाकून घेतला आणि तेव्हापासून आमचे कपडे त्यावरच धुतले जातात. तो कसला असेल याचा मला तेव्हाही अंदाज होता. पण हरकत पाळीवरच्या दगडांपुरती होती. आमच्या नळाजवळचा त्यात धरायचे कारण नव्हते. मी अर्जात एकेचाळीस लिहिले आणि सही केली.

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही पाळीवर जमलो. अधिकारी, त्याचा मोजणीदार, म्हातारी, मी, आणि कोणी न बोलावता आलेला दुकानदार. मोजणीदार एकेका दगडाला हात लावत गेला आणि बेचाळीस म्हणाला. अधिकाऱ्याने स्वतः मोजले. बेचाळीस.

एकेचाळीस दगडांवर माझी खडूची रेघ होती. एकावर नव्हती. मोठ्या मोहाखालच्या रांगेत, शेवटून तिसरा. तो रांगेतच उभा होता. बुडाशी माती घट्ट बसलेली, भोवतालचे गवत कुठे तुडवलेले नाही. इतरांसारखीच त्याच्याही पायाशी मोहाची फुले पडलेली होती. वरच्या एका कोपऱ्याचा टवका गेला होता.

मी हात लावला. दगड ओला होता. बाजूच्या दोन्ही दगडांना हात लावून पाहिला, ते कोरडे होते. माझ्या तळहाताला साबणाचा वास आला.

दुकानदार म्हणाला, "ये तो हिसाब के पक्के आदमी हैं, गलत कैसे लिखेंगे? एक बाद में लाकर गाड़ दिया होगा." त्याच्या बोलण्याचा अर्थ अधिकाऱ्याच्या ध्यानात आला. नंतर आणून पुरलेला एक दगड निघाला, तर बाकीच्या एकेचाळिसांवर कोण विश्वास ठेवणार? त्याने अर्ज माझ्यापुढे धरला आणि विचारले, हा दगड त्या दिवशी इथे होता का?

म्हातारी माझ्याकडे बघत नव्हती. ती फुले वेचत होती.

"माझ्याकडून एक राहिला," मी म्हणालो.

"म्हणजे हा इथलाच?"

"इथलाच आहे."

मी एकेचाळीस खोडून बेचाळीस लिहिले आणि खाडाखोडीवर सही केली. अधिकाऱ्याने ती दुरुस्ती मान्य केली. माझ्या वहीतल्या रांगांत त्या आकड्याला आधार नव्हता. असा आकडा मी त्याआधी कधी लिहिला नव्हता.

सगळे गेल्यावर मी म्हातारीला गाठले. "मावशी, तो दगड कोणी आणला?"

"आमी काऊन आनू?" ती म्हणाली. "तुमच्या आंगनात आमी कधी आलो काय?"

मी अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा माझ्या लक्षात आले, की अंगणाचे नाव मी काढलेच नव्हते.

घरी नळाजवळ दगडाच्या मापाची उघडी जमीन होती. ओली, काळी, त्यात पांढुरकी मुळे. घसटल्याची खूण नाही. फाटकाची कडी आतून लागलेली. मी कडी काढायला हाक मारली तेव्हा बायको बाहेर आली होती, आणि आता माझ्यामागे उभी राहून ती मला विचारत होती, की दगड कोणाला देऊन टाकलात, निदान सांगायचे तरी. सात वाजता तिने त्यावर कपडे धुतले होते. मग ती आत स्वयंपाकाला गेली होती. दोरीवरच्या कपड्यांचे पाणी अजून ठिबकत होते.

मी तिला म्हणालो, ज्यांचा होता त्यांच्याकडे गेला. ते तिने ऐकून घेतले. त्यावर तिने आजपर्यंत काही विचारलेले नाही.

दोन महिन्यांनी दुरुस्त नकाशा लागला. रस्ता पाळीला वळसा घालून जातो. मोहाच्या झाडांभोवती एक गोल आहे आणि आत बारीक अक्षरात लिहिले आहे, दगड, संख्या बेचाळीस.

आम्ही आता सिमेंटच्या ओट्यावर कपडे धुतो. नळाजवळची ती जागा मी बुजवलेली नाही. आमच्या गल्लीत आणखी तीन घरांत असे दगड आहेत, दोन नळाजवळ, एक पायरीला. ते मला आधीपासून माहीत होते. शेजाऱ्यांना मी काही सांगितलेले नाही. कधी सकाळी त्यांच्या फाटकावरून जाताना मी आत बघून घेतो. पाळीवर मात्र पुन्हा मोजायला गेलो नाही.