नापासमामांची साइट

माझ्या मामांना कुठलीही वस्तू पहिल्या झटक्यात पास करता येत नसे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्यांनी उभं आयुष्य कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले लोखंडी भाग, तपासण्यात घालवलं. खिशात कायम खडू. ज्या कास्टिंगवर त्यांची फुली पडली, ते परत भट्टीत. मालक स्वतः विनवायला आले तरी फुली पुसली जात नसे. ही खोड कारखान्यात राहिली असती तर ठीक, पण लग्नाच्या पंगतीतही ते मठ्ठ्याचा घोट घेऊन यजमानांच्या तोंडावर "नापास" म्हणायचे. पैपाहुण्यांत ते नापासमामाच झाले.

निवृत्तीनंतर हा माणूस माझ्या वेबसाइटला येऊन चिकटला. आमचं काम सोपं होतं. मिक्सर, कुकर, पाण्याच्या मोटारी यांची माहिती आम्ही लिहायची, वाचणाऱ्याने लिंक दाबून मोठ्या ऑनलाइन दुकानात जायचं, तिथे खरेदी झाली की आम्हाला कमिशन. मामा प्रत्येक वस्तू मागवून घरी वापरून बघत. मामी वैतागायच्या, "ह्या म्हैन्यात चौथा मिक्सर! एवढी चटणी खायाची कुणी?"

साइट नव्याने करायची ठरली, तेव्हा मी पहिलं पान छापून मामांपुढे ठेवलं. जाहिराती, फिरती चित्रं, "फक्त दोनच शिल्लक" अशी पाटी आणि मध्ये कोंबलेले चाळीस मिक्सर.

"ह्ये दोनच शिल्लक कुणी मोजलं?" मामांनी विचारलं.

कुणीच मोजलं नव्हतं. सगळे लावतात म्हणून मीही लावलं होतं. मामांनी लाल पेनाने फुल्या मारायला सुरुवात केली. "मर्दा, कास्टिंग ओतताना रस आत जायाला वाटा ठेवाव्या लागत्यात. थंड झालं की त्या वाटांत थिजलेलं लोखंड तोडायचं, घासायचं. तू वाटांसकट माल इकाय लागलायस की!"

मग मीही चिडून सगळंच तासलं. पांढरंशुभ्र पान, करडी बारीक अक्षरं, अगदी परदेशी थाट. मला तर फारच आवडलं होतं. मामांनी चष्मा वरखाली केला.

"ह्ये साधं न्हाय, उपाशी हाय. मिक्सरची खोट कुठं लिवलीस?"

पान नेटकं दिसावं म्हणून दोषांची यादीच मी उडवली होती. शेवटी मामांचंच खरं झालं. दोनच मिक्सर, मोठं अक्षर, आणि दोष सगळ्यात वर.

नेमक्या त्याच वेळी एका कंपनीने दुप्पट कमिशन देऊ केलं. अट एकच, तिचा मिक्सर पहिल्या पानावर झळकला पाहिजे. माझं घर त्या साइटवर चालत होतं, त्यामुळे मी मामांना न विचारताच हो म्हणून बसलो. तो मिक्सर मामांच्या ओट्यावर दहा मिनिटांत तापून जळका वास मारत होता. आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"मामा, साइट बंद पडेल!"

"पडू दे की. बंद साइटीनं कुणाच्या हाताला चटका बसत न्हाय."

एवढं बोलून त्यांनी माझ्यादेखत कंपनीच्या माणसाला फोन लावला. "पावणं, तुमचा मिक्सर नापास हाय." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पुढचं वर्ष फार ओढाताणीचं गेलं आणि तेव्हा त्यांचा मला मनापासून राग यायचा. मग हळूहळू कागलपासून चंदगडपर्यंतच्या बायका साइटवरचा नंबर बघून थेट मामांना फोन करून विचारू लागल्या, लेकीच्या लग्नात कुठला मिक्सर देऊ म्हणून. मामा सांगतील तो मिक्सर त्या आमच्याच लिंकवरून मागवायच्या, तेवढ्यावर साइट तगली.

गेल्या वर्षी मामा गेले. त्यांच्याशी भांडायला मिळत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेराव्याचं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याच कंपनीचा फोन आला. आवाज मधाळ होता.

"सर, वाईट वाटलं ऐकून. पण आता निर्णय तुमच्या एकट्याचाच ना?"

घरात तेव्हाही फार काही नव्हतं. मुलीची फी भरायची राहिली होती.

"व्हय, माझ्या एकट्याचाच," मी म्हणालो. "आणि तुमचा मिक्सर पानावर लागणार न्हाय."