पुसून आणलेली पानं

भिंगताईंनी शेतीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचपट्ट्या धुतल्या. हुद्दा मदतनिसाचा, पण पांढऱ्या माशीची जात ओळखायची म्हटलं की भलेभले साहेब खुर्ची सोडून म्हणत, "ताई, जरा तुम्हीच बघा हो." निवृत्त होताना त्यांनी भेट म्हणून मागून घेतलं ते भिंगच. घरी त्यांच्या टेबलावर पांढराशुभ्र कपडा असे आणि त्यावर डाग पाडणाऱ्याची खैर नसे.

धाकट्या भावाची अव्होकाडोची चाळीस झाडं होती. सहा वर्षं जिवापाड जपलेली ती झाडं यंदा पहिल्यांदाच फळाला आली आणि नेमकी तेव्हाच पानं चिकट झाली. फांदी हलवली की पांढऱ्या माशा भुर्रकन उडत. दुपारी फवारणी ठरली होती, तरी सकाळी तो ताईंचं मत घ्यायला आला. टेबलावर त्याने दहा पानं मांडली. अगदी लखलखीत.

"ही पुसलीस?"

"ओल्या फडक्याने. तुझ्या टेबलावर डाग पडला तर आठवडाभर ऐकवशील."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, चोराचे ठसे पुसून पोलिसांना घर दाखवतोस?"

"माशा आणल्यात की! ही बघ, बाटलीभर."

"उडायला लागल्या की सगळ्या सारख्याच दिसतात. ओळख पटते ती पानाखाली चिकटलेल्या पिल्लांवरून. ऊठ, बागेत चल."

बागेत फवारणीवाला पंप भरून तयार होता. दुखरा गुडघा सांभाळत ताई फळं तोडायच्या लाकडी घोडीवर चढल्या, एक जून पान उलटं केलं आणि भिंग लावलं. काळे ठिपके, कडेला पांढऱ्या मेणाची झालर. जात कळली. मग त्या पिल्लांची रिकामी कवचं बघत बसल्या, एकामागून एक झाड.

"माशी बाहेर पडली की कवच उकलतं, चीर दिसते," त्या म्हणाल्या. "इथे दहातल्या सहांना गोल भोक आहे. माशीचं पिल्लू आतून खाऊन तिथून इवलीशी गांधीलमाशी बाहेर पडलीय. तुझं काम ती फुकट करतेय. पंप परत पाठव."

"औषधाने दोन्ही मरतील, कटकटच नको," फवारणीवाला म्हणाला.

"माशी आठवड्यात परत येईल. गांधीलमाशीचं काय?"

भावाचा चेहरा उतरला होता. "ताई, सहा वर्षं घातलीत मी. तू चुकलीस तर?"

ताईंनी पान पुन्हा एकदा भिंगाखाली धरलं. भिंगातून दिसलं ते दिसलं. "चुकले तर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही."

पंप परत गेला. तीन आठवडे भावाचा फोन नाही. ताई रोज फोनकडे बघत आणि स्वतःवरच चिडत.

मग एका सकाळी तो आला आणि त्याने अख्खी पिशवी पांढऱ्या कपड्यावर उपडी केली. धुळकट, चिकट पानं; एक मुंगी कपड्यावरून पळत सुटली.

"एकही पुसलं नाही," तो म्हणाला.

ताईंनी भिंग लावलं. गोल भोक, गोल भोक, पुन्हा गोल. चिरा शोधूनही सापडेनात.

"फळं?"

"टिकली."

ताईंचे डोळे भरून आले. भाऊ ओशाळून कपड्यावरचा चिकटा बोटाने पुसू लागला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"राहू दे तो डाग."