पाठीवरचा खो
मैदानावर पाणी मारलं की उठणाऱ्या मातीच्या वासाने मला पस्तीसेक वर्षांपूर्वीची डोंबिवलीतली एक दुपार आठवते. दुसऱ्या दिवशी खो-खोची फायनल होती, आणि आमची सगळ्यात चपळ मैत्रीण महिन्यापूर्वीच तापाने गेलेली. खो देताना ती पाठीवर नेहमी दोनदा थाप मारायची. सरांनी आम्हा आठजणींना चौकोनांत बसवून डोळे मिटायला लावले. "आता मॅच मनातच खेळा. खो मिळाल्याशिवाय उठलात तर फाउल!" थोड्या वेळाने माझ्या पाठीवर थंड तळव्याच्या दोन थापा पडल्या आणि मी उठून धावत सुटले. "अगं, तुला खो दिला कुणी?" सर ओरडले. मागे वळून पाहिलं, तर सगळ्याजणी डोळे मिटून आपापल्या जागी बसलेल्या. आता मीही माझ्या संघातल्या मुलींना डोळे मिटून मॅच खेळायला लावते. स्वतः मात्र पाठ भिंतीला टेकवूनच बसते.