ग्रंथपालबाईंची शाल

देवासच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात परवा कर्मचाऱ्यांचा सत्कार झाला. त्यासाठी वाचनालय वाचकांना बंद ठेवलं, हे ओघानंच आलं. कर्मचारी म्हणजे ग्रंथपालबाई एकट्याच. त्यामुळे स्वतःच्या सत्कारासाठी खुर्च्या मांडण्याचा, माइक लावण्याचा आणि पाहुण्यांचं भाषण लिहून देण्याचा मानही त्यांनाच मिळाला. श्रोते कमी पडू नयेत म्हणून, पुस्तक परत करायला गेलेल्या मला पहिल्या रांगेत बसवलं.

पाहुण्यांनी भाषण मनापासून वाचलं. "पडद्यामागे राबणारे हात" हे शब्द तर त्यांनी दोनदा वाचले. मग शाल पुढे आली, पण ते हात जागेवर नव्हते. मागच्या दाराने एक आजी आल्या होत्या. त्यांना मोठ्या अक्षरांतलं मराठी पुस्तक हवं होतं, आणि बाई कपाटापाशी ते शोधत होत्या. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमासाठी बदनावर गाव गाठायचं होतं. सर्वांत जवळ मी होतो, म्हणून शाल माझ्या खांद्यांवर पडली. फोटो निघाला, टाळ्याही झाल्या.

पाहुणे गेल्यावर मी ओशाळून शाल बाईंपुढे धरली.

"राहू द्या भिया, तुम्हाला शोभतेय," माळव्यातल्या लकबीनं भैयाचं 'भिया' करत त्या हसत म्हणाल्या. "आता जरा खुर्च्या उचलू लागा. बाहेर लोक ताटकळलेत."

मी शाल कमरेला गुंडाळून कामाला लागलो. बाईंनी पुढचं दार उघडलं. आजी तोवर खिडकीशी बसून वाचायलाही लागल्या होत्या.